सोलरची झालर

एका जंगलात, तुमच्या गावापासून फार लांब नाही हं, एक पिठाची गिरणी होती. गिरणी साळूबाईची. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगावर हे एवढाले काटे, पण मनाने अगदी मऊ.

गिरणी म्हणजे एक मोठं दगडी जातं. जात्याला आडवा दांडा, दांड्याला जू आणि जुवाखाली भिवबा रेडा. भिवबा सकाळी गोल फिरायला लागायचा, तो दिवस मावळेपर्यंत गोलच. अख्ख्या जंगलाचं पीठ त्याच्या पायांवर निघायचं. वाघाचं नाही. वाघ पीठ खात नाही. मध्ये मध्ये असे प्रश्न विचारू नका.

तर भिवबा आता म्हातारा झाला होता. जातं घरघर करायचं आणि त्याचे गुडघे कुरकुर करायचे. साळूबाईला ती कुरकुर आत चुलीपाशी ऐकू यायची. मग तिला घास गिळवायचा नाही.

एकदा ती त्याला म्हणाली, "भिवबा, तुला कायमची सुटी मिळाली तर काय करशील रे?"

भिवबा चालता चालता थांबला. सुटी हा शब्द त्याने फारसा ऐकला नव्हता.

"डोहात बसेन, बाई. नाकापर्यंत. कुणी हाक मारली तरी ओ देणार नाही."

"माझ्या हाकेलासुद्धा?"

"तुमच्या हाकेला कान हलवीन."

साळूबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने तिथल्या तिथे ठरवलं, गिरणीला सोलर बसवायचा. जंगलात तेव्हा जो तो सोलरचंच बोलत होता. सूर्य फुकट, वीज फुकट, मोटर आपोआप फिरणार आणि जातंही आपोआप फिरणार. साळूबाईने आयुष्यभराची साठवण बाहेर काढली आणि वानराला बोलावलं.

वानर हा जंगलातला एकमेव फिटर. छपरावर चढायला त्याला शिडी लागत नसे, म्हणून तो फिटर. गिरणीचं छप्पर मागच्या बाजूने टेकाडाला टेकलेलं होतं, त्यामुळे मागे ते इतकं खाली आलेलं, की भिवबा टेकाडावर चरायला गेला तर त्याचं तोंड छपराला लागायचं. त्याच छपरावर वानराने चार काळ्याभोर प्लेटा बसवल्या. निळसर चमकणाऱ्या, आरशासारख्या गुळगुळीत. वायरी खाली आणल्या, मोटरीला जोडल्या, मोटर जात्याला जोडली. ऊन होतंच. जातं फिरायला लागलं.

कुणी ओढत नव्हतं आणि जातं फिरत होतं! साळूबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भिवबा जुवाशेजारी उभा राहून बघत होता. त्याचे कान हलत होते.

वानराने जाता जाता सूचना दिल्या. वानर लोक सूचना फार भरभर देतात.

"ताई, ऊन लागलं पाहिजे बघा, सावली पडू द्यायची नाही, पाला पडला तर झाडून काढायचा, धूळ बसली तर पाण्याने पुसायची, आणि काच आहे, जपा."

एवढं बोलून तो पुढच्या झाडावर गेला. साळूबाईच्या डोक्यात एवढ्या सगळ्यातलं शेवटचं तेवढं राहिलं. काच आहे, जपा.

दुपारी शेजारची घोरपडकाकू सोलर बघायला आली. घोरपडकाकूकडे सोलर नव्हता, म्हणून तिला सोलरची सगळी माहिती होती.

"अगंबाई! हे असं उघड्यावर ठेवणार तू?"

"म्हणजे?"

"ऊन नाही का लागणार? माझ्या मावसबहिणीकडची प्लेट ऊन लागून लागून पार काळी पडली."

"अहो काकू, ती मुळात काळीच असते."

"तिनेही असंच म्हणून मनाची समजूत घातली हो." घोरपडकाकूने मान तिरकी करून छपराकडे बघितलं. "आणि तोंड कुठे केलंय हिचं? दक्षिणेकडे?"

"वानरदादा म्हणाले दक्षिणेकडेच लागतं."

"त्याला काय, तो झाडावर राहतो. तुला घरात राहायचंय. दक्षिणेकडे तोंड करून आपण जेवतसुद्धा नाही, साळू! निदान ते तोंड झाकून तरी ठेव."

साळूबाईच्या मनाला ते लागलं. आयुष्याची साठवण छपरावर उघडी पडलेली! वरून पक्षी उडतात. पक्ष्यांचा काय भरवसा? धूळ उडते. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर लागते. तिला प्लेटांची इतकी काळजी वाटायला लागली, की ती त्यांच्याकडे नुसतं बघत बसली.

मग तिने पाठीवरचा एक काटा उपटला. साळिंदराला सुई विकत आणावी लागत नाही. ओढ्याकाठचं मारवेल गवत आणलं. मारवेल म्हणजे गुरांचा खाऊ, हिरवागार आणि लुसलुशीत. काचेला चरा पडायला नको म्हणून मुद्दाम तेच. आणि तिने प्लेटांना कव्हर विणायला घेतलं. मध्ये मोर, कोपऱ्यांना कोयऱ्या आणि चारही बाजूंनी झालर. काय सुरेख विणलं होतं म्हणून सांगू! प्लेटा एकदम घरंदाज दिसायला लागल्या.

कव्हर घातलं आणि जातं थांबलं.

"बाई, थांबलं," भिवबा म्हणाला.

"थांबू दे रे. रोज वापरली तर झिजेल ती. आता नवी आहे. खास दिवशी काढू."

"मग आज?"

साळूबाईने जुवाकडे बघितलं नाही. "आजचा दिवस घे की ओढून," ती हळूच म्हणाली.

हसलात? हसू नका. तुमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक काढलंय का कुणी? आणि कपाटातले ते सोनेरी काठाचे कप? त्यातून चहा प्यायलाय तुमच्यापैकी कुणी? मग गप्प ऐका.

खास दिवस काही येईना. म्हणजे यायचा, पण नेमका त्या दिवशी वारा सुटायचा आणि धूळ उडायची. पाहुणे आले की साळूबाई कौतुकाने झालर चिमटीत धरून कोपरा वर करायची. जातं कण्हून अर्धा वेढा घ्यायचं. पाहुणे "वा वा!" म्हणायचे. लगेच त्यांची दृष्ट लागू नये म्हणून कोपरा खाली.

पण कव्हर मात्र सगळ्यांना आवडलं. भलतंच आवडलं. बघता बघता जंगलात घरोघरी सोलर बसला आणि घरोघरी साळूबाईचं कव्हर गेलं. हरणीला त्यावर चांदण्या हव्या होत्या. अस्वलाला मधाचं पोळं. सशाने प्लेट बिळातच लावली, बाहेर चोरीला जाईल म्हणून, आणि वर कव्हरही घातलं, बिळात माती पडते म्हणून. घोरपडकाकूने तर कव्हर आधी घेतलं आणि प्लेट नंतर. संध्याकाळी बायका एकमेकींकडे झालरी बघायला जायच्या. वीज कुणाच्याच घरात नव्हती, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आपण एवढ्या हौसेने बसवलं, तर बोलायचं कशाला!

साळूबाईला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. पाठीवरचे काटे विरळ व्हायला लागले. ओढ्याकाठचं सगळं मारवेल कव्हरांत गेलं. भिवबाच्या पुढ्यात सुका कडबा यायला लागला.

भिवबा चघळायचा. पण फिरता फिरता दर वेढ्याला मागच्या बाजूला त्याला छपरावरची ती हिरवी झालर दिसायची. तो मान वळवून बघायचा आणि पुढे जायचा.

"बाई, ते गवत..." एकदा तो म्हणाला.

"अरे, ते कव्हरचं आहे!"

"हो, ते कळलं," भिवबा म्हणाला आणि जू ओढायला लागला.

मग जत्रा आली. अख्ख्या जंगलाचं धान्य गिरणीच्या दारात येऊन पडलं. बाहेर लख्ख ऊन पडलेलं, आभाळात औषधालासुद्धा ढग नाही. भिवबा सकाळपासून फिरत होता. दुपारी त्याचा पुढचा उजवा गुडघा वाकला. मग डावा. आवाज न करता तो खालीच बसला.

साळूबाई धावत आली. "भिवबा! अरे, काय झालं?"

"काही नाही, बाई. जरा टेकतो. उठतो आत्ता."

त्याने उठायचा प्रयत्न केला. मागचे पाय उठले, पुढचे उठले नाहीत. तो पुन्हा बसला आणि ओशाळवाणं हसला, जणू चूक त्याचीच होती.

साळूबाईला धस्स झालं. ह्याच्यासाठी तर सगळं केलं होतं! ह्याच्या गुडघ्यांसाठी! तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की काट्यांसकट जमिनीत शिरावंसं वाटलं. तिने भिवबाच्या मानेवरचं जू काढून फेकलं आणि तरातरा टेकाडावर गेली. झालरीला हात घातला. आता ओढायचंच.

तिने कोपरा उचलला. खाली प्लेट चमकली. एक ओरखडा नाही, एक डाग नाही. आणल्या दिवशी होती तश्शी. साळूबाईचा हात थांबला.

"उद्या काढते," ती स्वतःशीच म्हणाली. "आज जत्रेची धूळ आहे. उद्या नक्की." आणि तिला रडूच फुटलं, कारण हा उद्या कुठला ते तिला चांगलं माहीत होतं.

भिवबाला निदान हिरवं काहीतरी घालू म्हणून ती विळा घेऊन निघाली. ओढ्याकाठी मारवेलची काडी उरली नव्हती. ती पुढे गेली. आणखी पुढे गेली. पार डोहापलीकडे गेली, तेव्हा कुठे एक मूठ गवत हाताला लागलं.

आणि तेवढ्यात तिला लांबून आवाज आला. घर्र, घर्र, घर्र.

गिरणी चालू होती.

साळूबाईच्या हातून विळा पडला. उठला! माझ्या धान्याची काळजी करून हा मेला उठला आणि ओढायला लागला! ती पळत सुटली. तिचे छोटे छोटे पाय, अडखळत, पडत, उठत. "भिवबा, नको रे! थांब रे, बाळा! आग लागो त्या पिठाला!" अशी ओरडत ती दारात पोचली.

जू कोपऱ्यात पडलं होतं. जातं एकटंच गरागरा फिरत होतं. पीठ भसाभसा पडत होतं.

ती मागे धावली. भिवबा टेकाडावर बसला होता. तिथपर्यंत तो कसा सरकत गेला होता, देव जाणे. छपरावर चारही प्लेटा उघड्या, उन्हात लखलखत होत्या. भिवबा डोळे मिटून रवंथ करत होता. त्याच्या तोंडातून हातभर झालर लोंबत होती.



भिवबाने डोळे उघडले. "चुकलं, बाई," तो म्हणाला. "पण मोर फार चविष्ट झाला होता."

साळूबाई मटकन खाली बसली. आधी रडली. मग हसली. मग हातातलं मूठभर गवत तिने त्याच्यापुढे ठेवलं, आणि तेही त्याने खाल्लं.

गुडघे जरा सावरल्यावर भिवबा डोहात गेला. नाकापर्यंत बसला. साळूबाई रोज काठावरून हाक मारते आणि तो कान हलवतो.

बाकीच्या जंगलाचं म्हणाल, तर बातमी सगळीकडे पोचली. सगळ्यांना पटलंही. पण आपल्या हाताने कव्हर काढायचं कुणाच्या जिवावर येईना. एवढं हौसेने विणून घेतलेलं! शेवटी घोरपडकाकू डोहावर गेली आणि अदबीने म्हणाली, "भिवबा, जरा आमच्याकडे जेवायला येता का?"

भिवबा गेला. जेवला. घोरपडकाकूचा दिवा लागला. मग हरणीने बोलावलं, मग अस्वलाने. आता ओढ्याकाठी मारवेल पुन्हा फुटलंय, साळूबाई आठवडाभर कव्हरं विणते, घरोघरी ती चढतात, आणि भिवबा त्याच्या सवडीने येऊन ती खातो. तो आला की वीज येते. वानर आता सोलर बसवताना सूचना एकच देतो, "रेड्याला वर्दी देऊन ठेवा." भिवबा चांगलाच गुटगुटीत झाला आहे. फक्त सशाकडे अजून अंधार आहे, कारण रेडा बिळात मावत नाही.

तात्पर्य: नवी वस्तू नेहमी झाकूनच ठेवावी. मात्र झाकण चविष्ट असावं, आणि दाराशी एक भुकेला रेडा असावा.