दुशकोच्या गॅरेजातलं अठरावं मिनिट

व्रशात्स गावातला सर्वांत तल्लख माणूस कोण, असं विचारलं की व्लास्तिमिर कुझमानोव आधी थोडा लाजायचा आणि मग स्वतःचं नाव सांगायचा. लाजण्याला तो विनय म्हणत असे, आणि बाकीच्या गुणांच्या मानाने हा एक गुण आपल्यात जरा कमी पडतो, याची त्याला मनापासून खंत होती. दारावर त्याने पाटी लावली होती: 'व्लास्तिमिर कुझमानोव. गूढ, घातपात, बेपत्ता प्राणी. घंटा दोनदा वाजवावी.' एकदाच वाजवणाऱ्याला तो संशयित धरी.

निवृत्तीआधी एकतीस वर्षं त्याने घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले होते. पोलीस फक्त दिवाणखान्यापर्यंत पोचतात, मीटरवाला घराच्या पोटात शिरतो, असं त्याचं म्हणणं होतं. आजवर त्याने चार प्रकरणं सोडवली होती. म्हणजे तो तपास करत असताना ती सुटली होती.

हे सगळं ऐकणं गावराच्या वाट्याला आलं होतं. गावरा त्याचा मेव्हणा, पेशाने घड्याळजी, आता तोही घरीच. सहायकाच्या जागेसाठी त्याने कधी अर्ज केला नव्हता. अर्ज त्याच्या बहिणीने केला होता, नवरा दिवसभर घरात पायात पायात यायला नको म्हणून. वही, पेन्सिल आणि कॉफीचा थर्मास गावराच्या पिशवीत असत. बुद्धी दाजींची आणि ओझं मेव्हण्याचं, अशी सरळ वाटणी होती.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दुशकोने ही घंटा तीनदा वाजवली. व्लास्तिमिर गोंधळला, तीन घंटांसाठी त्याचा काही नियम नव्हता.

दुशको दातांच्या कवळ्या बनवायचा, आणि उरलेल्या वेळात विमान. सात वर्षं तो गॅरेजात प्रवासी विमानाची चालकखोली उभी करत होता, आणि त्याची मोटार सात वर्षं बाहेर वाऱ्यात उभी होती. भिंती प्लायवुडच्या, खुर्च्या भंगारातल्या व्हॅनच्या, समोर तीन पडद्यांवर आकाश. दोनशेच्या वर बटणं, आणि प्रत्येक बटणाला खरंच काम. चाकं खाली सोडायची मूठ त्याने कवळीच्याच गुलाबी मसाल्यातून ओतली होती, त्यामुळे विमान उतरवायची वेळ आली की एखाद्या आजीच्या हिरड्या धरल्यासारखं वाटे.

तर या विमानाला एक विचित्र रोग जडला होता. दुशको एकटा असला की ते तासन्‌तास उडे. पाहुणा शेजारी बसला की बरोबर अठराव्या मिनिटाला पडदे काळे, बटणं मुकी, सगळं ठप्प. घरातले दिवे मात्र चालूच. मग दुशको मागच्या कपाटाचे चोवीस स्क्रू काढून संगणक तपासायचा, तेवढ्यात पंधरा-वीस मिनिटं जायची, आणि संगणक थंडगार, निर्दोष चेहऱ्याने पुन्हा सुरू व्हायचा.

"पाहुणे गेले खड्ड्यात," दुशको म्हणाला, "पण कप्तानाचं काय करू?"

कप्तान स्तोयादिन दोन घरं सोडून राहायचा. वय एक्याऐंशी. तीस वर्षं त्याने प्रवासी उडवले होते, आणि त्यातही तिवातची धावपट्टी, डोंगरांतून वाकून समुद्राकाठी उतरायची, ही त्याची लाडकी. एकदा तिथून परतला आणि डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं, आता पुरे. बायको गेली होती. रविवारी मुलगी त्याला ऑस्ट्रेलियाला घेऊन जाणार होती, कायमचा. जाण्याआधी एकदा तिवातला उतरायचं, एवढंच त्याने दुशकोकडे मागितलं होतं. तीनदा निघाला, तीनदा डोंगरांवर अंधार झाला. तिसऱ्यांदा त्याने टोपी झटकली आणि म्हणाला, बहुतेक मला वरून परवानगी नाही. आता फक्त शनिवार उरला होता.

शुक्रवारी सकाळी तपास सुरू झाला. गॅरेजात शिरताच व्लास्तिमिरने पहिलं काम केलं ते पाठीमागचं दार घट्ट लावून घ्यायचं, मग खिडकी, मग मफलरचा आणखी एक वेढा मानेभोवती. गावरानेही कॉलर वर केली. बाहेर कोशावा वारा तीन दिवस घोंघावत होता, त्यामुळे यात नोंदवण्यासारखं काही नव्हतं, आणि गावराने ते नोंदवलं नाही.

"डाव्या खुर्चीत कोण बसतं?" व्लास्तिमिरने विचारलं.

डावी खुर्ची कप्तानाची, दुशको म्हणाला, म्हणून तिथे पाहुणा. आपण कायम उजवीकडे, सहचालक. एकटा असतानाही? एकटा असतानाही. सात वर्षांत त्या खुर्चीला त्याने पाठ टेकवली नव्हती. ज्याने खरं विमान उडवलेलं नाही त्याने तिथे बसू नये, असं त्याचं मत होतं. व्लास्तिमिरने मान डोलावली आणि हा धागा सोडून दिला.

त्याचा पहिला सिद्धांत अर्ध्या तासात तयार झाला. दुशकोची आई, पेर्सिदाकाकू, हिवाळ्यासाठी ढबू मिरच्या भाजत होती. विजेच्या शेगडीने घरावर ताण येतो आणि विमान कोसळतं. तो अंगणात गेला आणि हे तिला तोंडावर सांगितलं.

"मी मिरच्या लाकडावर भाजते," पेर्सिदाकाकू म्हणाली. समोर जाळ धडधडत होता. "एकतीस वर्षं माझा मीटर वाचलात ना तुम्ही? मग वाचत काय होतात?"

दुसरा सिद्धांत जास्त खोल होता. दर वेळी अठरावंच मिनिट, म्हणजे गुन्हेगाराला वेळेची विलक्षण जाण आहे. व्लास्तिमिर बोलता बोलता थांबला आणि सावकाश मेव्हण्याकडे वळला.

"गावरा, या गल्लीत घड्याळजी किती?"

"एकच, दाजी."

"लिहून घे."

गावराने संशयितांच्या यादीत स्वतःचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि दाजींना कॉफी ओतून दिली.

तिसऱ्या सिद्धांतापर्यंत दुपार झाली. आता व्लास्तिमिर मानसशास्त्रात उतरला होता. तो येरझारा घालत सांगू लागला की कप्तानाला गाव सोडायचं नाही. तिवातला उतरला की जायला मोकळा झाला. म्हणून तो उतरतच नाही. हात त्याचेच काहीतरी करतात, त्याच्याही नकळत. विमान पाडतो तो कप्तानच.

गावराने खोकून पाहिलं, पण उशीर झाला होता. कप्तान दारात उभा होता.

"व्लास्ता," तो म्हणाला, "तीस वर्षांत मी खरं विमान पाडलं नाही. प्लायवुडचं कशाला पाडू?"

आणि वळून गेला. जाताना दुशकोला एवढंच म्हणाला की आता नको, बॅगा भरायच्या आहेत. गावरा त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिला. त्या घड्याळाला बावीस वर्षं त्याने तेल घातलं होतं, आणि दर वेळी कप्तान त्याला तिवातच्या उतरणीची गोष्ट सांगायचा, दर वेळी नव्याने. दाजींनी आज कोणाचं वाटोळं केलं, हे गावराला नीट कळत होतं. दाजींना कळत नव्हतं. ते तपासात होते.

शनिवारी सकाळी व्लास्तिमिरने जाहीर केलं की आता तो स्वतः कप्तानाच्या खुर्चीत बसणार. दुशको उजवीकडे बसला. गावरा बाहेर घड्याळ हातात घेऊन उभा राहिला. विमान बेलग्रेडहून उडालं. आतून व्लास्तिमिरचा आवाज येत राहिला: डोंगर संशयास्पद आहेत, ढग एकाच बाजूने येताहेत. अठराव्या मिनिटाला तो आवाज थांबला. पडदे काळे झाले होते.

व्लास्तिमिर बाहेर आला तो विजयी मुद्रेने. "एक गोष्ट सिद्ध झाली. मी आत होतो. याचा अर्थ गुन्हेगार आत नव्हता."

त्याच वेळी पेर्सिदाकाकू चीजच्या गरम वड्यांची परात घेऊन आली. व्लास्तिमिर पुन्हा आत वाकून खुर्चीमागच्या भिंतीतल्या बशीएवढ्या भोकातून आपला मफलर खेचून काढत होता.

"निदान तुम्हाला तरी अक्कल आहे," काकू म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून ओरडतेय, ते भोक नीट बुजव म्हणून. बसलं की बरोबर मानेवर वारा. मी माझा रुमाल कोंबते. आमचे पाद्रीबाबा वर्तमानपत्र कोंबतात. बिचारा कप्तान तर आपली टोपी काढून लावतो. माणसं स्वतःची सोय करून घेतात आणि जाताना आपली वस्तू घेऊन जातात, म्हणून याला पत्ताच नाही."

दुशकोचा चेहरा कवळीच्या साच्यासारखा पांढरा पडला.

"आई, त्या भोकातून संगणकाची गरम हवा बाहेर पडते. ते बंद केलं तर तो तापून बंद पडतो."

"आणि उघडं ठेवलं तर माणूस," काकू म्हणाली.

तिचं चुकलं होतं असं गॅरेजात कोणालाच वाटत नव्हतं. बंद खोलीत मानेवर वाऱ्याचा झोत आला तर तोंड वाकडं होतं, कान जातो, मूत्रपिंड जातं, हे व्रशात्समधल्या तान्ह्या बाळालाही ठाऊक असतं. दुशको सात वर्षांत पहिल्यांदा डाव्या खुर्चीत बसला. संगणकाचा पंखा सुरू केला. त्याचा हात आपोआप मानेकडे गेला. "फारच लागतो हो," तो पुटपुटला.

व्लास्तिमिरने मफलर झटकला आणि घसा साफ केला. पहिली संशयित पेर्सिदाकाकू: दोषी. तिसरा कप्तान: दोषी. आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो. फक्त दुसरा सिद्धांत जरा डळमळीत निघाला. गावराने यादीतलं आपलं नाव खोडलं. त्या खुर्चीत बसायला त्याला कधी कोणी बोलावलंच नव्हतं.

मग पिशवी खाली ठेवून तो कप्तानाच्या घरी निघाला. दाजी मागून आले. दारात व्लास्तिमिरने सांगितलं की तपासाअंती कप्तानाचा हेतू शुद्ध होता असं आढळलं आहे. कप्तान त्याच्या खांद्यावरून गावराकडे बघत राहिला.

"भोकात टोपी होती, कप्तान," गावरा म्हणाला. "बाकी काही नाही. परवानगी वगैरे सगळी आहे."

भोक दुसरीकडे हलवायला दोन दिवस लागणार होते, आणि उद्या रविवार. म्हणजे एक्याऐंशी वर्षांच्या माणसाने ऑक्टोबरात पाऊण तास मानेवर उघडा वारा घ्यायचा. काकूने स्पष्ट नकार दिला. व्लास्तिमिर म्हणाला, आपण याची जबाबदारी घेणार नाही. कप्तानाने टोपी डोक्यावर घातली, भोकात नाही, आणि विचारलं, तिवातला हवा कशी आहे?

त्याला काकूची शाल, दुशकोचा स्वेटर आणि व्लास्तिमिरचा मफलर असं गुंडाळलं, तेव्हा कोबीच्या पानात खिमा बांधावा तसा तो दिसू लागला. विमान उडालं. अठरावं मिनिट आलं तेव्हा गावराने श्वास रोखून धरला, आणि ते गेल्यावरही सोडायला विसरला. डोंगर आले. कप्तानाचे हात त्या गुलाबी मुठीवर स्थिर होते. विमान वाकलं, पाणी तिरपं झालं, धावपट्टी आली, चाकं टेकली.

पाठीमागे उभ्या तिघांनी टाळ्या वाजवल्या, खऱ्या विमानात वाजवतात तशा. कप्तानाने एकेक बटण बंद केलं.

"मागच्या वेळी उतरलो," तो म्हणाला, "तेव्हा ते शेवटचं आहे हे ठाऊक नव्हतं. आज नीट बघून घेतलं."

काकूने डोळे पुसले आणि लगेच त्याच रुमालाने भोक बुजवलं.

रविवारी सकाळी कप्तानाची मान आखडली. डोकं डाव्या खांद्यावर टेकलेलं, सरळच होईना. गल्लीला इतकं समाधान फार दिवसांत मिळालं नव्हतं. मोटारीपाशी जमलेला प्रत्येक जण आळीपाळीने त्याला सांगून गेला की आम्ही म्हणालोच होतो. व्लास्तिमिरने तर मफलर त्यालाच देऊन टाकला, पुरावा म्हणून. कप्तान वाकड्या मानेने हसत सगळ्यांना हो म्हणाला.

संध्याकाळी विमानात बसल्या बसल्या त्याचा फोन आला, तो गावराला. दाजी शेजारी कान लावून बसले होते. विमान सुटायला अजून वेळ होता. खिडकीजवळची जागा मिळाली आहे, चालक तरुण आहे पण शहाणा दिसतो, असं कप्तान म्हणाला.

"आणि मान?" गावराने विचारलं.

"मान दुखतेय," कप्तान म्हणाला. "आत आल्या आल्या डोक्यावरचं ते वाऱ्याचं भोक बंद करून घेतलं. शेजारच्या बाईचंही केलं. तिने काही विचारलं नाही, आपल्याकडचीच असावी."