गालानाचा जादा खुराक

गाभण गायीला कधी, काय आणि किती खायला घालावं, हे या अख्ख्या डोंगरात माझ्याइतकं कुणालाही कळत नाही! फुशारकी नाही मारत. अख्ख्या डोंगरात आता माणसंच सहा उरलीयत.

आमच्या स्पेनमधल्या अस्तुरियासच्या गायी दुधाच्या नव्हेत, खाटकाच्या. वासरू जितकं थोराड तितका मालक खूश, आणि गाय विताना अडायची तीही तितकीच. पूर्वी गाय अडली की मी दारातून हाळी द्यायचो. वरची-खालची सगळी घरं धावत यायची, वासराच्या पायांना दोर लावून पाच-पाच जण ओढायचे, आणि वासरू बाहेर पडलं की सगळे माझ्या स्वयंपाकघरात! माझी बायको फेलिसा पातेलंभर तांदळाची खीर करायची. उठायचं नाव कुणी काढायचं नाही.

मग सहकारी संस्थेची डॉक्टरीण आली. "बेलार्मिनोकाका, शेवटचे तीन महिने नुसतं गवत. भरडा बंद! आणि वळू बारीक वासरांचा." झालं! कोंबडीनं अंडं घालावं तशा गायी विऊ लागल्या. कुणाला बोलवायची सोयच उरली नाही. त्यात फेलिसा गेली. तेव्हापासून मी रेडिओशी भांडतोय, आणि तो मेला माझं काही ऐकूनच घेत नाही.

तेव्हा मी ठरवलं, माझी गाभण गालाना अडलीच पाहिजे! फार नाही हं. गालाना मागून चर्चच्या दारासारखी रुंद, तिच्या जिवाची मला काळजी नव्हती. थोडीशी अडावी. पाच माणसांपुरती.

नाताळापासून गव्हाणीत मक्याचा भरडा सुरू केला. वर चेस्टनट, वर शिळा पाव. गालाना फुगू लागली. खालच्या घरातला सेर्वांदो, माझ्यासारखाच एकटा जीव, कुंपणापाशी थबकला.

"बेलार्मिनो, ही गाय आहे का बस?"

"जुळं असेल!" मी ठोकून दिलं.

खालच्या गावात ओल्विदोबाईच्या गुत्त्यात पोचेपर्यंत जुळ्याचं तिळं झालं! डॉक्टरीण गाडी घेऊन धावत आली.

"काका, काय घालताय हिला?"

"गवत! आईशपथ गवत!"

त्याच क्षणी गालानानं शेपूट वर केलं. डॉक्टरीण वाकून शेणाकडे बघत राहिली.

"तुमच्या गवताला कणसं लागतात वाटतं?"

मार्चमधल्या एका दुपारी गालाना अस्वस्थ झाली. ऊठबस करू लागली. पाण्याची पिशवी फुटायचीही वाट न बघता मी फोनवर फोन लावले. "धावा! गालाना अडली!"

आणि आले की सगळे! सेर्वांदो दोर घेऊन, ओल्विदो बटाट्याचं भलंमोठं ऑम्लेट घेऊन, खालच्या गावातले आणखी तिघं-चौघं नुसतंच तिळं बघायला.

"गाय कुठाय?" सेर्वांदोनं विचारलं.

"गाय पळून जातेय होय? आधी बसा तर खरं!"

मी आमच्या रीतीनं सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, बाटली डोक्यावर आणि ग्लास गुडघ्याशी धरून ओतायला लागलो. निम्मी जमिनीवर सांडली, सवयच गेली होती. दोराचं पुढचं टोक कुणी धरायचं यावरून भांडण जुंपलं. काय सुरेख भांडण होतं! एवढे आवाज या घरात फेलिसाच्या मयतानंतर पहिल्यांदाच. चुलीवर मी चढवलेली खीर करपली आणि मला वाससुद्धा आला नाही.

तेवढ्यात दारात डॉक्टरीण. "कुणाची गाय अडलीय?"

"माझी!" मी छाती काढून म्हणालो.

"ती वासराला चाटतेय."

सगळे गोठ्याकडे धावले. वासरू उभं राहून चक्क लुचत होतं! एकटंच, आणि केवढंसं! कुत्र्याचं पिल्लू बरं. डॉक्टरणीनं ते तोललं आणि माझ्याकडे वळली.

"काका, वासरू बापाच्या वळणावर गेलंय. भरडा सगळा आईच्या ढुंगणाला लागला!"

पोट धरधरून हसले लेकाचे. आणि निघाले! प्रत्येकाची गुरं घरी वाट बघत होती. ओल्विदो तर रिकामी ताटलीसुद्धा घेऊन गेली. गाड्यांचा आवाज वळणापलीकडे गेला आणि मला रडूच आलं.

मागे वळून पाहतो तर सेर्वांदो तिथंच. दोर गुंडाळायचा संपतच नव्हता त्याचा.

"बेलार्मिनो, तू भरडा कधीपासून घालत होतास?"

"नाताळापासून. का रे?"

तो दोराकडे बघत म्हणाला, "नाही... माझ्या मोरेनाला मी थंडी पडल्यापासून चेस्टनट घालतोय. म्हणजे... तीही अडणार नाही?"

"बाप तोच ना?"

"तोच."

"मग नाही अडायची."

त्यानं दोर खुंटीला अडकवला. मग मी म्हणालो, "खीर आहे. करपलीय."

"वाढ," तो म्हणाला, आणि तीनदा घेतली!

जाताना दारात घुटमळला. "मोरेना गुरुवारी विणार बहुतेक. अडली नाही तरी हाक मारतो."

गुरुवारी सकाळपासून मी बूट घालून फोनपाशी बसलो. सटवी मोरेना व्याली रविवारी!