एक्केचाळीस बियांचा पुरावा

"माझ्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही," असं भावोजी म्हणाले की शिंपी मुकाट्यानं मान डोलवायचा. सुई त्याचीच होती, आणि गेल्याच महिन्यात भावोजी तिच्यावर बसले होते. भावोजी वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. जन्मभर तराजू जप्त केले, आता गल्लीतले गुन्हेगार शोधत होते. अजून एकही सापडला नव्हता, आणि हा आपलाच धाक, असं त्यांचं मत होतं. शिंपी हा त्यांचा मेहुणा आणि बिनपगारी मदतनीस.

शिंप्याच्या दोघी बहिणींनी तीन वर्षं अबोला धरला होता. भावोजींच्या बायकोचा, म्हणजे धाकटीचा, वाढताना हात आखडतो, असं थोरली एकदा बोलून गेली होती. आज ती त्यानंतर पहिल्यांदाच जेवायला येणार होती. म्हणून धाकटीनं तिच्या आवडीचे आलुबुखार साखर घालून शिजत ठेवले. मोजून एक्केचाळीस, बियांसकट, पातेलं काठोकाठ. पूर्वी हे थोरलीच करायची, धाकटीची ही पहिलीच वेळ. नवऱ्याला पहाऱ्यावर बसवून ती बहिणीला आणायला गेली.

तासाभरात भावोजींनी शिंप्याला दुकानातून बोलावून घेतलं. पातेलं अर्ध्यावर आलं होतं.

दाराला आतून कडी, खिडकीला जाळी, आणि भावोजी जागचे हललेले नाहीत. शिंप्यानं टेप लावून खड्डा मोजला. चार इंच. भावोजींचा पहिला संशय खालच्या गाणाऱ्या बाईंवर गेला, कारण अर्धा तास त्यांचा आवाज नव्हता आणि तोंडात काही असल्याशिवाय त्या गप्प बसत नसत. दुसरा संशय शिंप्याच्या लाल अंगठ्यावर. तो अस्तराचा रंग होता, पण भावोजींनी अंगठा हुंगून खात्री करून घेतली.

शेवटी शिंप्यानं पळीनं बिया मोजल्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. सुटलो, असं त्याला वाटलं. भावोजींनी मात्र डोळे मिटले.

"म्हणजे चोर गर खातो आणि बी जागच्या जागी ठेवतो. घरंदाज माणूस आहे. घरातलाच."

तेवढ्यात दोघी बहिणी आल्या, जिन्यात एक शब्द न बोलता. भावोजींनी थोरलीला दारातच विचारलं, की ती सकाळपासून नेमकी कुठं होती. धाकटीचं लक्ष पातेल्याकडे गेलं आणि तिचा चेहराच उतरला. आता पुन्हा हात आखडल्याचा विषय निघणार, या धास्तीनं शिंप्यानं टेप खिशात लपवला.

थोरलीनं पिशवी खाली ठेवली, पळीभर रस उचलून वरून सोडला. दाट, लालभडक धार पडली.

"छान आळलेत," ती म्हणाली. "शिजली की आळतात फळं, आणि तुम्ही आळ घेता माणसांवर."

"काठोकाठ होते गं," धाकटी हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे. मी पहिल्यांदा केले तेव्हा सासूबाईंवर आळ घेतला होता. आठ दिवस घरात कुणी बोललं नाही माझ्याशी."

धाकटीला आधी हुंदका आला की हसू, ते शिंप्याला कळलं नाही. मग दोघी ओट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. वाढायला थोरलीच बसली. धाकटीची वाटी तिनं शिगोशीग भरली.

भावोजींच्या वाटीत तीन आले. त्यांनी दोनदा मोजले, पण तक्रार कुणाकडे करावी, हे काही त्यांना ठरवता येईना.