खाणाई देवीचं पार्किंग

खड्डा म्हातारा झाला आणि त्यात पाणी भरलं, की त्याचा मान वाढतो. माणसाचं तसं होत नाही, म्हणून माणसानं खड्ड्याचा हेवा करू नये.

कल्याण-शीळ रस्त्याच्या आत आमची खडीची खाण होती. निम्म्या डोंबिवलीचे स्लॅब तिच्या पोटातून गेले. डोंगर संपला तशी खाण बंद पडली. मालक (देव त्याला सुखात ठेवो; कुठं ठेवलंय ते कामगारांना अजून कळलेलं नाही) निघून गेला आणि पाऊस खड्ड्यात राहायला आला. खडी फोडायला देशावरून आलेली आमची घरं काठावरच राहिली. त्या पाण्यात आम्ही धुणं धुवायचो, गणपती बुडवायचो, आणि पोरं उतरली की त्यांना चपलेनं बडवायचो. या तिन्ही गोष्टींचं कुणी नियोजन केलेलं नव्हतं, त्यामुळे त्या नीट चालल्या होत्या.

मग नियोजन आलं. सर्वेशसाहेब नावाचे सल्लागार, राहणार नौपाडा, फार सज्जन माणूस. त्यांनी खाणीच्या काठावर नकाशा उलगडला. नकाशातलं पाणी आमच्या पाण्यापेक्षा निळं होतं. भोवती चालायचा रस्ता, बदकं, बाकडी, बाकड्यांवर हातात हात घेतलेली म्हातारी जोडपी (आमच्या वस्तीतली नव्हेत, आमच्यात त्या वयात एकमेकांशी बोलत नाहीत). मी विचारलं, "साहेब, आमची घरं कुठायत यात?"

"हा बघा आजी, हिरवा पट्टा."

"हे तर गवत हाय."

"बरोबर. भविष्यातला वापर."

साहेब खरंच बोलले. नियोजनात कुणी खोटं बोलत नाही, फक्त रंग भरतात.

माझा सुदेश रिक्षा चालवतो, त्यामुळे त्याला जगाचं कळतं. तो म्हणाला, "आई, रडून फायदा नाय. घर हटवता येतं, देवी हटवायची कुणाची टाप नाय. नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्यावर बघितलंस ना? रस्ता बाजूला होतो, देवी नाय होत."

"अरे, पण देवी आणू कुठून?"

शेजारची मालन आमचंच भांडण ऐकायला दारात उभी असते. ती म्हणाली, "अगं रखमाबाई, तुझा धुण्याचा दगड हाय की. चांगला नाकाडोळ्यांचा हाय."

होता खरा. त्याच्यावर मी जन्मभर नवऱ्याच्या पँटी आपटल्या होत्या. त्याला शेंदूर फासला, डोळे बसवले, माझी हिरवी साडी नेसवली (फॉल लावलेली; देवीशी कंजुषी नको). नाव ठेवलं खाणाई. मालनच्या अंगात दर मंगळवारी यायचं ठरलं, कारण शुक्रवारी तिला कामाच्या घरून सुट्टी मिळत नाही. मंगळवारी ती घुमायची आणि ओरडायची, "माझी लेकरं माझ्याजवळच राहू द्या!" साहेब ते लिहून घ्यायचे.

खाणाई पावली. नको तितकी पावली. शंभरातल्या साठ जणांना गुण आला, उरलेल्या चाळीस जणांची श्रद्धा कमी पडली (खात्री केली आहे, त्यांनीच तसं सांगितलं). साहेबांच्या आईंची कंबर धरली होती, त्या नौपाड्याहून येऊन ओटी भरून गेल्या आणि पायऱ्या चढायला लागल्या. साहेबांनी बूट लांबच काढले, हात जोडले. "आजी, एवढ्या जागृत स्थानाला आम्ही धक्का लावणार नाही."

आम्ही वस्तीत पेढे वाटले.

नवा नकाशा आला. मधोमध देवी. तिला घाट, मंडप, प्रसादालय, चपलांचा स्टँड. बदकं होतीच. आमच्या घरांच्या जागी या वेळी गवत नव्हतं; पांढऱ्या रेघा मारल्या होत्या.

"हे काय, साहेब?"

"पार्किंग. देवीनंच सांगितलंय ना, लेकरं जवळ राहू द्या? एवढी लेकरं गाड्या घेऊन येणार, त्या लावणार कुठं? तुम्ही तर पहिल्या भक्त, आजी. तुम्ही नाही सोडणार, तर कोण सोडणार?"

हरकती ऐकायला सभा भरली, तिथं मी उभी राहिले. म्हटलं, "ती देवी नाय, माझा धुण्याचा दगड हाय. मीच शेंदूर फासलाय." साहेबांच्या आईंनी कंबरेला हात लावून पाहिला. आणि मालन (नकाशात तिला पुजारणीची खोली मिळाली होती, अंघोळीच्या मोरीसकट) केस सोडून उठली. त्या दिवशी बुधवार होता, तरी तिच्या अंगात आलं.

"कोण गं ही, मला दगड म्हणणारी?"

सगळी सभा हात जोडून वाकली. मीही वाकले. लावलेली सवय लवकर जात नाही.

आता आम्ही लांब एका बिल्डिंगीत सातव्या मजल्यावर राहतो. पाण्याचा थेंब दिसत नाही, नळालाही नाही. धुणं आपटायला दगड नाही, म्हणून मी सुदेशला बोलते.

परवा तुम्ही सहकुटुंब येऊन गेलात म्हणे. बरं केलंत. ओटी भरलीत, बदकांना चिवडा घातलात (घालू नये असा बोर्ड आहे), शेवग्याची सावली बघून गाडी लावलीत. तो शेवगा मी लावलेला, खुशाल लावत जा. आणि तलाव दिसेल असं घर मिळू दे, असा नवस बोललात. मिळेल. देवी जागृत आहे. मीही तिच्याकडे तेवढंच मागितलं होतं.

तुम्ही गाडी लावलीत ना, तिथं होतं ते.