चंद्रीचा खुराक

साखर कारखान्याच्या हॉकी संघाचे पॅड उंदरांनी खाल्ले, तेही फायनलच्या आदल्या दिवशी. गोलात उभा राहणारा बन्सी गोदामाच्या दारात त्या चिंध्या हातात घेऊन थांबला. लग्नाच्या सकाळी शालू फाटलेल्या नवरीसारखा.

संघाचा कप्तान विल्सन फिटर म्हणाला, "पॅड न्हाईत तर तू बी न्हाई. गेल्या साली बिनपॅडाचा खेळलास आन् तुझी नडगी फुटली, तवा तुझ्या बायकूनं माझ्या दारात येऊन माझा उद्धार केला. सकाळपतुर पायाला कायतरी बांध, न्हाईतर गोलात श्रीमंत हुबा ऱ्हाईल."

श्रीमंत हा राखीव गोली, चेंडू आला की डोळे मिटायचा. आणि बन्सीनं तर तो गोल सात वर्षं उभ्या पिकासारखा राखला होता.

घरी त्याचं तोंड बघूनच चांगुणानं विचारलं, "कोन गेलं?"

"पॅड गेले."

"येवढंच व्हय?" तिनं जुनं लुगडं काढलं, बांबूच्या कामट्या तासल्या, दाभणात सुतळी ओवली. दुपारभर शिवत आणि गुणगुणत राहिली,

"टाका घालते बारीक, जुन्या लुगड्याच्या घडीला,
चेंडू लागू नये बाई, भ्रताराच्या नडगीला."

ओवीत भ्रतार, घरात 'अवो'. अकरा वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं.

भरायला कापूस मात्र पुरेना. तिची नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर गेली. म्हशीच्या खुराकाची सरकी. "कापूस न्हाई तर कापसाचं बी," ती म्हणाली, आणि दोन्ही पॅड ठासून भरले.

दुसऱ्या दिवशी राहुरीच्या मैदानावर सामना सुरू झाला. समोर नगरचा संघ. चांगुणा पाटाच्या कडेला चंद्री म्हशीला चारत, गोलाच्या मागून बघत होती. चेंडू येई आणि पॅडवर धप्प आपटून पडे. कारखान्यानं एक गोलही चढवला. शेवटची पाच मिनिटं उरली असताना एक चेंडू असा बसला, की डाव्या पॅडची शिवण उसवली आणि सरकीची धार लागली.

वास चंद्रीला लागला. चांगुणाच्या हातातलं दावं निसटलं. म्हैस संथ चालीनं गोलात शिरली आणि बन्सीच्या डाव्या पायात तोंड खुपसून खाऊ लागली.

पंच कृपादान मास्तरांनी शिट्टी फुंकली. चौघांनी ओढली, म्हैस हलेना.

"पॅड सोड, बन्सी," मास्तर म्हणाले.

"पॅड सोडला तर गोल बी सोडावा लागंल, मास्तर," बन्सी रडवेला झाला.

"ऱ्हाऊ द्या की," नगरचा कप्तान हसत म्हणाला. "खुंट्याला बांधलेला गोली आमाला कुठं गावनार?"

"आमची बी हरकत न्हाई," विल्सननं कपाळाला हात लावला.

खेळ सुरू झाला. नगरचा कप्तान चेंडू घेऊन सुटला. म्हशीचं धूड बन्सीच्या डोळ्यांपुढं. त्याला ना चेंडू दिसे ना स्टिक. मागून चांगुणाला मात्र सगळं दिसत होतं.

"बन्सीऽ, उजवीकडं!"

सारं मैदान वळून तिच्याकडं बघायला लागलं. बन्सी इतका दचकला, की डावा पॅड चंद्रीच्या तोंडात सोडून उजवीकडं कोसळला. चेंडू उजव्या पॅडवर आदळला आणि तिथंच निजला. शेवटची शिट्टी झाली.

संध्याकाळी गोठ्यात चांगुणा मान खाली घालून धार काढत होती. बन्सी ढाल घेऊन दारात उभा.

"अगं, मैदानावर काय हाक मारलीस? पुन्यांदा मार की."

"तुमाला कुठं? म्या म्हशीला हाक मारली."

"म्हशीचं नाव चंद्री हाय."

"हुतं," चांगुणा म्हणाली. "आजपासनं बदाललंय."

आणि पदराआड हसत तिनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "सर बन्सी, जरा पलीकडं."