अण्णांची उजेडाची पेटी

आमच्या शेजारचे गणपतराव अण्णा कुणाच्याही घरात शिरले की आधी छताकडे बघतात, मग माणसांकडे. "स्वल्प उजेड कमी आहे हो," म्हणतात आणि पिशवीतून बल्ब काढतात. जन्म बंगळुराजवळ बोम्मसंद्र्याच्या ट्यूबलाइटच्या कारखान्यात गेला, त्याचा हा परिणाम. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा अण्णांनी न विचारता दोनशे वॅटचा बल्ब लावला. त्या उजेडात नवऱ्या मुलाचा केसांचा टोप सगळ्यांना दिसला. पाहुणे चहा न घेताच उठले. बहीण अजून अण्णांचं नाव आदराने घेते.

त्यांची सोळा वर्षांची नात चित्रा पीयूसीसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, त्यांच्याकडे राहायची. त्या वर्षी ती मिटतच गेली. कॉलेज सुटलं, जेवण सुटलं, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लोक म्हणाले, लाड झालेत. अण्णा तिला सरळ डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी औषधं दिली, तिच्याशी बोलत राहिले आणि म्हणाले, परदेशात काही जणांना रोज सकाळी प्रखर उजेडासमोर बसवतात, आपणही करून बघू. पण तसली पेटी इथे मिळत नाही.

"मी आहे की," अण्णा म्हणाले.

बंगळुरात उन्हाला काय तोटा, असं मी म्हणून पाहिलं. पण अंथरूण न सोडणाऱ्या पोरीला उन्हात नेणार कोण? अण्णांनी डॉक्टरांना विचारून विचारून पेटी केली: लाकडी चौकट, आत ट्यूबा, पुढे दुधी काच. पहिल्याच सकाळी इमारतीचा फ्यूज उडाला आणि मी अर्धवट दाढीने ऑफिसला गेलो. दुसऱ्या दिवशी पेटी नीट लागली. "आता सरी, बरोबर झालं," अण्णा म्हणाले.

उजेडाकडे टक लावायची नव्हती, नुसतं समोर बसायचं. म्हणून अण्णा शेजारी खुर्ची टाकून तिला कारखान्यातले किस्से सांगायचे. भिंतीतून मलाही ऐकू यायचे. कित्येक आठवडे फक्त त्यांचाच आवाज. मग एका सकाळी चित्रा म्हणाली, "अण्णा, हे काल सांगितलंत." मी टूथब्रश तोंडात धरून तसाच उभा राहिलो. इतका आनंद मला बढतीचाही झाला नव्हता.

पुढे ती कॉलेजला जाऊ लागली. एकदा जिन्यात भेटली.

"पेटी अजून चालू आहे वाटतं?" मी विचारलं.

"परवा मी एकटीच डॉक्टरांकडे गेले होते, काका. ते म्हणाले, आता पेटीची गरज नाही. पण तुम्ही हे अण्णांना सांगू नका."

"का गं?"

"अज्जी गेल्यापासून ते सकाळी कुणाशी बोलायचेच नाहीत. कप हातात धरून बसायचे. मी आजारी पडले तेव्हा बोलायला लागले. आता मी बरी झाले म्हणून त्यांना पुन्हा गप्प बसवू का?"