एका अभ्र्यात दोन उशा

आमच्या घरातल्या उशा डोक्याखाली कमी आणि व्याख्यानात जास्त फाटतात. परटाला कपडे देताना मी मोजून देते, आले की मोजून घेते. तरी दर खेपेला एखादा अभ्रा उसवलेला निघतोच, आणि दोष परटाचा नसतो.

दोष विसूभाऊजींचा. हे माझे धाकटे दीर, पेशाने डॉक्टर. लग्न केलं नाही. सरकारी दवाखान्यातली नोकरी सोडून चौलला आमच्याकडेच येऊन राहिले आणि ओटीवर रोगी तपासू लागले. इतर डॉक्टर औषध देतात. आमचे आधी हृदय समजावतात. नुसता खोकला घेऊन आलेल्याचीही सुटका नाही. दोन लहान उशा एकाच अभ्र्यात कोंबायच्या, की झालं सुरू.

"हृदयाचे खालचे कप्पे दोन. उजवा रक्त फुफ्फुसांकडे ढकलतो, डावा साऱ्या अंगाला पुरवतो. मध्ये भिंत एकच, आणि दोघांभोवती पिशवीही एकच. आता बघा!"

मग एका उशीत शेवरीचा कापूस ठासत जायचं. ती फुगते आणि शेजारची चेपून भाकरीएवढी होते.

"पिशवी एक, बिऱ्हाडं दोन! उजवा फुगला की भिंत डावीकडे सरकते. डावा धडधाकट असेना का, त्यात रक्त मावणार कुठे?"

एकदा रेवदंड्याची एक कोळीण आली होती. ती म्हणाली, "डाक्तर, उशी ऱ्हाऊ द्या, दवा द्या. गाडी खोळंबलीय." पण कापूस ठासणं संपेना, तेव्हा तिनेच निकाल लावला. "कललं. आमचे धाकले सुनेवानी. ती फुगली का थोरलीला घरान जागा न्हाय."

भाऊजी इतके खूश झाले की औषध द्यायचंच विसरले. बिचारी अर्ध्या वाटेवरून परत आली.

त्यांना मी एक जुनी उशी काढून दिली आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, असं बजावलं. तर म्हणाले, "वहिनी, एकीने कसं भागेल? कप्पे दोन आहेत!" आमटीत कापूस सापडला की मी वाटी तशीच त्यांच्यापुढे सरकवते.

एका वर्षी आषाढात ह्यांना, म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाला, दम लागू लागला. पाय सुजले, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, आडवं होणं बंद झालं. दोघा भावांचं बोलणं म्हणजे एरवीही चकमकच. हे तक्क्याला टेकून धापा टाकत विचारायचे, "डॉक्टर, आज किती उशा मारल्या?" आणि भाऊजी न हसता नाडी पाहायचे. औषधाच्या थेंबांचा गुण येईना. पावसामुळे आगबोटी बंद, तेव्हा मुंबईला न्यायची सोय नाही.

एका दुपारी ह्यांचे ओठ निळे पडू लागले. भाऊजी म्हणाले, "रक्त काढावं लागेल."

माझा संताप झाला. "माणूस अर्धा झालाय, आणि आहे तेही रक्त काढता?"

त्यांनी कोपऱ्यातला तो अभ्रा उचलला. मी ओरडणारच होते. पण या खेपेला ते व्याख्यान देत नव्हते. फुगलेल्या उशीतून त्यांनी मूठ-दोन मूठ कापूस उपसला. शेजारची चेपलेली उशी हळूहळू वर आली.

"भरून सगळ्यांना दाखवलं, वहिनी. काढून दाखवायची वेळ आली नव्हती. डाव्याला जागा हवी आहे, एवढंच."

"काढू दे त्याला," हे धापांमधून म्हणाले. "नाहीतर... आणखी एक उशी फोडेल."

रक्त झेलायला मी तसराळं धरलं. भाऊजींनी ह्यांच्या दंडावर पट्टी आवळली आणि शीर उघडली. मी तसराळ्यात पाहिलंच नाही, ह्यांच्या मानेकडे पाहत राहिले. त्या दोऱ्या हळूहळू खाली बसल्या, खांद्यांचं वरखाली होणं मंदावलं.

"विसू, पुरे. थोडं मला ठेव."

"बोलू नका, दादा!" भाऊजी खेकसले.

मी तसराळं घेऊन मागल्या दारी गेले. परतले तेव्हा हे तक्क्याला टेकून गाढ झोपले होते, कित्येक दिवसांनी. भाऊजी दारातच आडवे आले. "वहिनी, या घरात चहा करतात की नाही?" एवढं बोलून ते माझ्याकडे न पाहता विहिरीकडे गेले.

मी ह्यांच्या पायांवर पांघरूण घालायला वाकले. सूज अशी होती की जरा दाबलं तरी मळलेल्या कणकेसारखा खळगा राहावा. नाडी पाहून झाली की भाऊजी नडगीवर एक अंगठा दाबून बघायचे. आता दोन्ही पावलांवर दोन्ही हातांच्या बोटांचे खळगे होते. दसऱ्याला सोनं देतानाही हा माणूस थोरल्या भावापुढे वाकत नसे. पाया पडणं म्हणजे कंबरदुखीला आमंत्रण, म्हणे.

विहिरीवरून चहाचा पुकारा झाला, मग पुन्हा झाला. खळगे भरून येईपर्यंत मी पांघरूण हातात धरून तिथेच बसले.